पंखांत तांबे वागवणारा टुराको

दक्षिण आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या आउटेनिक्वा डोंगरांच्या पायथ्याशी नाइझ्ना नावाचे गाव आहे आणि त्याच्या आसपास सदाहरित जंगलाचा एक मोठा पट्टा अजून टिकून आहे. दक्षिण आफ्रिका म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गवताळ माळ, बाभळी आणि सिंह येतात, आणि ते चूकही नाही, कारण त्या देशातील नैसर्गिक सदाहरित जंगल एकूण भूभागाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. या एवढ्याशा जंगलात, येलोवुड आणि स्टिंकवुड यांसारख्या उंच वृक्षांच्या शेंड्यांत, नाइझ्ना टुराको हा फळखाऊ पक्षी राहतो. त्याचे शास्त्रीय नाव टॉराको कोरिथेक्स; दक्षिण आफ्रिकेतील लोक त्याला पूर्वापार लूरी म्हणत आले आहेत. पश्चिम केपच्या किनारी जंगलांपासून पूर्व केप, क्वाझुलु-नाताल आणि शेजारचा एस्वातिनी हा छोटा देश या मार्गाने लिम्पोपो प्रांतातील डोंगरी जंगलांपर्यंत तो तुटक तुटक आढळतो. त्यापलीकडे जगात तो कुठेही नैसर्गिकरीत्या राहत नाही.

शेपटीसह त्याची लांबी सुमारे ४० सेंटिमीटर आणि वजन साधारण ३०० ग्रॅम असते. डोके, मान आणि छाती गर्द हिरवी, डोक्यावर पांढऱ्या टोकांचा उभा हिरवा तुरा, डोळ्याभोवती लाल कडे, त्याखाली पांढरी रेघ आणि आखूड नारिंगी-लाल चोच. शेपटी गडद, निळसर हिरव्या चकाकीची असते. नर आणि मादी दिसायला सारखेच असतात. पक्षी फांदीवर बसलेला असताना एवढेच दिसते आणि पानांच्या गर्दीत तो सहज हरवून जातो. पण त्याने पंख उघडले की उड्डाणपिसांचा भडक किरमिजी रंग एकाएकी समोर येतो आणि तो पुन्हा फांदीवर उतरला की तितक्याच झटकन नाहीसा होतो. या लेखाचा मोठा भाग त्या लाल रंगाविषयी आहे. तो रंग एका तांबेयुक्त रसायनाचा आहे आणि त्याची घडण जितकी तपासावी तितकी ती पक्ष्याच्या साऱ्या जीवनाशी जोडलेली दिसते. मात्र रंगाकडे वळण्याआधी हा पक्षी हिंडतो कसा आणि खातो काय, हे समजून घेणे आवश्यक आहे.

टुराको हा चांगला उडणारा पक्षी नाही. त्याचे पंख आखूड आणि गोलाकार असतात. पंखांची काही जड फडफड, मग थोडे तरंगणे आणि लगेच पुढच्या झाडात उतरणे, अशी त्याची उडण्याची रीत असते. खरे कौशल्य त्याच्या पायांत आहे. आपल्या परिचयाच्या बहुतेक पक्ष्यांची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते, तर पोपट आणि सुतार पक्षी यांची दोन पुढे व दोन मागे असतात. टुराकोचे बाहेरचे बोट या दोन्ही रचनांच्या मध्ये कुठेतरी असते. ते पुढे, बाजूला किंवा मागे वळवता येते. त्यामुळे जाड फांदी, बारीक डहाळी किंवा तिरपा वेल, कशालाही तो घट्ट पकड घेऊ शकतो आणि फांद्यांवरून खारीसारखा सपाट्याने धावत जातो. शेंड्याच्या टोकाला लगडलेले फळ गाठायचे असेल तर तो उड्डाण करण्यापेक्षा धावत आणि उड्या मारत जाणेच पसंत करतो. अशा पक्ष्याला झाडांचे शेंडे एकमेकांना लागून असलेले जंगल हवे असते आणि मध्ये मोकळी जमीन आली की त्याची अडचण होते.

आता आहाराकडे वळू. उंबर आणि वड यांच्या आफ्रिकेतील भाऊबंदांची फळे, रानटी द्राक्षाच्या कुळातील फळे आणि जंगलातील इतर अनेक झाडांची लहान रसाळ फळे हा त्याचा मुख्य आहार आहे. फळांत साखर आणि पाणी भरपूर असते, पण प्रथिने अगदी कमी असतात. केवळ फळांवर जगणाऱ्या प्रत्येक प्राण्यापुढे हीच अडचण असते आणि टुराको ती कोवळी पाने, कळ्या आणि अधूनमधून किडे खाऊन काही प्रमाणात सोडवतो. त्याच्या कुळातील सर्वांत मोठा पक्षी, म्हणजे पश्चिम आफ्रिकेपासून युगांडा आणि पश्चिम केनियापर्यंतच्या जंगलांत राहणारा महानील टुराको, फळांबरोबर मोठ्या प्रमाणात पानेही खातो. त्याचे वजन एक किलोग्रॅमच्या आसपास भरते.

फळ खाण्याची टुराकोची पद्धत साधी आहे. तो फळ चावत नाही किंवा फोडत नाही, बहुधा सबंध गिळतो. त्याची पेषणी, म्हणजे जठराचा दळणारा भाग, धान्य खाणाऱ्या पक्ष्यांच्या मानाने दुबळी असते आणि आतडे आखूड असते. गर सुटतो, साखर शोषली जाते आणि बिया साधारण तासाभराच्या आत, जवळजवळ जशाच्या तशा, विष्ठेतून बाहेर पडतात. पोषण काढून घेण्यात हे पोट मंदही नाही आणि काटेकोरही नाही. थोडे घ्यायचे, लवकर टाकायचे आणि पुन्हा खायचे, असा त्याचा व्यवहार आहे. म्हणूनच फळखाऊ पक्षी दिवसाचा मोठा भाग खाण्यातच घालवताना दिसतो.

इथे महाराष्ट्राच्या वाचकाला एक तुलना उपयोगी पडेल. आपला राज्यपक्षी हरियल हाही वड, पिंपळ आणि उंबर यांच्या फळांवर जगणारा हिरवा पक्षी आहे. पण हरियलाच्या प्रजातीतील कबुतरांची पेषणी बळकट असते आणि अंजीरवर्गीय फळांतील बारीक बिया ती तिथेच भरडतात. म्हणजे फळ खाणारे दोन पक्षी झाडाच्या दृष्टीने अगदी वेगळे असू शकतात. एकाच्या पोटातून गेलेली बी रुजू शकते, दुसऱ्याच्या पोटात गेलेल्या बहुतेक बिया संपून जातात. फळखाऊ पक्षी म्हणजे जंगलाचा माळी, असे आपण सरसकट लिहितो, ते म्हणून मला अर्धवट वाटते. प्रत्येक जातीचे पोट तपासल्याशिवाय असे म्हणता येत नाही.

टुराकोच्या बाबतीत ते तपासले गेले आहे. रवांडातील न्युंग्वे या डोंगरी जंगलात १९९० च्या दशकात तीन जातींच्या टुराकोंच्या बीजप्रसाराची तुलना करणारा अभ्यास झाला. क्वाझुलु-नाताल विद्यापीठातील संशोधकांनी पाळीव स्थितीतील नाइझ्ना टुराको आणि त्याचा जांभळ्या तुऱ्याचा नातलग यांना निरनिराळी फळे देऊन साखरेचे पचन आणि बियांचे उगवणे यांचा अभ्यास केला. त्या फळांत पेरू, तुती, कापराच्या झाडाची फळे आणि दक्षिण अमेरिकेतून आलेल्या, वांग्याच्या प्रजातीतील एका उपद्रवी झाडाची फळेही होती. ही सर्व झाडे त्या देशात बाहेरून आलेली आहेत आणि अनेक ठिकाणी ती स्थानिक वनस्पतींना हुसकावून लावतात. टुराकोला देशी आणि परदेशी फळांत भेद करण्याचे काही कारण नाही. गर गोड आणि आकार गिळण्याजोगा असला की पुरे. आपल्याकडे बुलबुल घाणेरीच्या बिया सह्याद्रीभर पसरवतात, त्यातलाच हा प्रकार. जंगल वाढवणारा आणि तणही पसरवणारा पक्षी एकच असू शकतो आणि त्यात विरोधाभास काही नाही.

आता रंग. पक्ष्यांच्या पिसांत रंग ढोबळमानाने दोन मार्गांनी येतो. पहिला मार्ग रंगद्रव्याचा: पिसात एखादे रसायन असते, ते प्रकाशातील काही रंग शोषून घेते आणि उरलेला रंग आपल्याला दिसतो. कावळ्याचा काळा रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचा आहे. ठाण्याच्या खाडीत येणाऱ्या रोहित पक्ष्यांचा गुलाबी रंग कॅरोटिनॉइड या गटातील रंगद्रव्यांचा आहे आणि ती त्यांना अन्नातून मिळतात. दुसरा मार्ग रचनेचा: पिसाची अतिसूक्ष्म बांधणीच अशी असते की तिच्यावर पडलेला प्रकाश विशिष्ट रंगातच परततो, जसे मोराच्या पिसाऱ्यात घडते. हिरवा रंग बहुतेक पक्ष्यांत या दोन्हींच्या संगतीतून येतो. पोपटाच्या पिसाची रचना निळा रंग परतवते, त्यावर पिवळ्या रंगद्रव्याची भर पडते आणि आपल्याला पीस हिरवे दिसते. त्या पिसातून हिरवे म्हणून काही वेगळे काढून दाखवता येणार नाही.

टुराकोचे तसे नाही. त्याचा हिरवा रंग खरोखरच हिरव्या रंगद्रव्याचा आहे आणि त्या रंगद्रव्यात तांबे असते. त्याला टुराकोव्हर्डिन म्हणतात. हे नाव १८८२ मध्ये क्रुकेनबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने दिले. पक्षिजगतात हिरव्या रंगासाठी अस्सल हिरवे रंगद्रव्य वापरणारे फार थोडे आहेत. लाल उड्डाणपिसांत असलेले रंगद्रव्य म्हणजे टुरासिन, आणि त्याची कथा अधिक तपशिलाने उलगडलेली आहे.

आर्थर हर्बर्ट चर्च हे इंग्लंडमधील सायरेन्सेस्टर येथील कृषी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असत. पुढे त्यांनी चित्रकारांच्या रंगांच्या रसायनशास्त्रावरही काम केले. १८६९ मध्ये त्यांनी टुराकोच्या लाल पिसांतील रंगद्रव्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. लाल पिसे सौम्य अल्कलीत, म्हणजे अमोनियाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकली तर, पहिल्या धुण्यात कच्च्या रंगाचे कापड सोडते तसा, त्यांचा लाल रंग पाण्यात उतरतो. त्या द्रवात आम्ल घातले की रंगद्रव्य साक्याच्या रूपाने खाली बसते. असे वेगळे केलेले टुरासिन तपासल्यावर चर्च यांना त्यात सुमारे सहा टक्के तांबे आढळले. तांब्याची संयुगे जळताना ज्योत हिरवी करतात, हे प्रयोगशाळेत सर्वांना माहीत असते. पण जिवंत पक्ष्याच्या पिसाचा रंगच तांब्यावर उभा असावा, ही त्या काळी अगदी नवी गोष्ट होती. आजच्या रेणुसूत्रानुसार हे प्रमाण सात टक्क्यांच्या थोडे वर जाते, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती मोजणी बरीच नेमकी होती.

या रेणूची रचना नक्की कशी, हे ठरायला मात्र पुढची सत्तर वर्षे लागली. १९३९ मध्ये क्लॉड रिमिंग्टन यांनी टुरासिनची नव्याने तपासणी करून ते युरोपॉर्फिरिन तीन या रेणूचे तांबेयुक्त रूप असल्याचे दाखवले. रिमिंग्टन यांनी त्याआधी काही वर्षे दक्षिण आफ्रिकेतील ओंडरस्टेपोर्टच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत काम केले होते आणि जनावरांना उन्हाची बाधा करणाऱ्या पॉर्फिरिनजन्य विकारांचा त्यांचा अभ्यास होता. गुरांच्या आजारावरून पक्ष्याच्या पिसाकडे जाणारी ही वाट वरवर आडवळणाची वाटते, पण रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती सरळच आहे.

पॉर्फिरिन म्हणजे काय, ते पाहू. कार्बन आणि नायट्रोजन यांच्या अणूंचे हे एक मोठे सपाट कडे असते. त्याच्या मध्यभागी नायट्रोजनचे चार अणू आतल्या बाजूला तोंड करून असतात आणि त्यांच्या मधोमध धातूचा एक अणू नेमका बसतो. त्या जागी लोह बसले की हीम तयार होते, जे आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचा गाभा आहे. थोड्या बदललेल्या कड्यात मॅग्नेशियम बसले की पानांतील हरितद्रव्य होते. टुरासिनमध्ये त्या जागी तांबे असते. प्राण्याच्या शरीरात हीम पायरीपायरीने तयार होते आणि युरोपॉर्फिरिन तीन हा रेणू त्या वाटेवरील एका मधल्या टप्प्याचे रूप आहे. म्हणजे टुराकोला लाल रंगासाठी अगदी नवे यंत्र उभारावे लागलेले नाही. रक्तासाठी प्रत्येक पृष्ठवंशी प्राणी जे कडे बनवतो, तेच पिसे उगवताना मधल्या टप्प्यावर वळते आणि त्यात लोहाऐवजी तांबे बसते. रोहित पक्ष्याला लाल रंगद्रव्ये अन्नातून मिळवावी लागतात, तर टुराकोला अन्नातून लागते ते फक्त तांबे. बाकीचा रेणू तो स्वतः बनवतो.

या रेणूच्या कडेला आठ आम्लगट लोंबकळत असतात. अल्कलीत टुरासिन इतके सहज विरघळते, त्याचे कारण हेच. शुद्ध पाण्याचा परिणाम त्या मानाने किरकोळ असतो, त्यामुळे पावसाने टुराकोचे पंख धुऊन पांढरे पडतात, ही समजूत खरी मानण्याचे कारण नाही. वर्षाला पंचवीसशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या आफ्रिकेतील डोंगरी जंगलांतही टुराको लालच राहतात.

तांबे तिथे असण्याचा आणखी एक परिणाम आहे आणि माझ्या मते तो सर्वांत उद्बोधक आहे. धातू नसलेले मोकळे पॉर्फिरिन उजेडात धोकादायक असते. ते प्रकाश शोषते, ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देते आणि उत्तेजित झालेला ऑक्सिजन आसपासच्या पेशींची हानी करतो. पॉर्फिरिया या आनुवंशिक विकाराच्या काही प्रकारांत माणसाच्या त्वचेवर उन्हाने फोड येतात, ते यामुळेच. घुबडांच्या नव्या पिसांत असे धातुरहित पॉर्फिरिन असते; अतिनील दिव्याखाली ती पिसे गुलाबी चमकतात, आणि उन्हात हे रंगद्रव्य विटत जात असल्यामुळे कोणते पीस नवे व कोणते जुने हे ओळखायला पक्षिशास्त्रज्ञ त्या चमकेचा उपयोग करतात. माळढोकाच्या कुळातील पक्ष्यांच्या पिसांच्या बुडाशी, जिथे ऊन पोचत नाही, तिथेही पॉर्फिरिनची गुलाबी छटा आढळते. टुरासिनमध्ये मध्यभागी बसलेले तांबे शोषलेली ऊर्जा झटकन उष्णतेच्या रूपात विखरून टाकते, त्यामुळे ते अतिनील प्रकाशात चमकत नाही आणि उन्हात टिकून राहते. घुबडाला आणि माळढोकाला जे रंगद्रव्य उजेडापासून जपावे लागते, तेच टुराकोला उघड्या पंखावर मिरवता येते.

माळढोकाचा उल्लेख आणखी एका कारणाने करावासा वाटतो. टुराकोंना दीर्घकाळ कोकिळेच्या गणात धरले जाई. म्हणजे आपला कोकीळ आणि भारद्वाज हे त्यांचे सगेसोयरे मानले जात. जनुकांच्या आधारे गेल्या काही वर्षांत पक्ष्यांची जी वंशावळ मांडली गेली, तिच्यात टुराकोंना स्वतंत्र गण मिळाला असला तरी कोकिळा, माळढोक आणि टुराको या तिघांचे गट एकाच मोठ्या शाखेत ठेवण्याकडे बराच कल आहे. सोलापूरच्या नान्नज परिसरातील कोरड्या माळाचा माळढोक आणि आफ्रिकेतील दमट जंगलांचा टुराको हे दूरचे का होईना पण नातलग ठरतात, हे पाहून मला तरी आश्चर्य वाटले.

आज टुराकोच्या सुमारे २३ जाती आहेत आणि त्या सर्व सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. त्यामुळे हा गट मूळचाच आफ्रिकेचा, असे वाटणे साहजिक आहे. पण अमेरिकेतील वायोमिंग राज्यात सुमारे ५ कोटी २० लाख वर्षे जुन्या खडकांत फोरो नावाच्या एका पक्ष्याचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला होता. त्याचे वर्णन १९९२ मध्ये झाले, तरी तो कोणाच्या कुळातला हे ठरत नव्हते. २०१८ मध्ये डॅनियल फील्ड आणि ॲलिसन शियांग यांनी त्याची पुन्हा तपासणी करून तो टुराकोंच्या मूळ शाखेतील असल्याचे मांडले. त्याचे पाय लांब होते आणि तो बहुधा जमिनीवर वावरत असावा. म्हणजे आज ज्या पक्ष्याचे सारे शरीर फांद्यांवर धावण्यासाठी घडलेले आहे, त्याच्या वंशाचा एक प्राचीन प्रतिनिधी दुसऱ्याच खंडात जमिनीवर चालत होता. सध्याच्या घरावरून मूळ गावाचा अंदाज बांधण्यात किती जोखीम असते, ते यावरून कळते.

कुळातल्या सगळ्यांच्याच अंगावर तांब्याचे हे रंग नाहीत. कोरड्या झुडपी प्रदेशात राहणारे राखाडी रंगाचे टुराको हिरवे नाहीत आणि त्यांच्या पंखांत लालही नाही. त्यांचा ‘गो-अवे’ असा ऐकू येणारा नाकातला, रडवेला आवाज पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत प्रसिद्ध आहे. शिकाऱ्याची चाहूल लागताच ते ओरडतात आणि सावज सावध होते, म्हणून शिकारी त्यांच्यावर चिडून असत. महानील टुराकोच्या पंखांतही किरमिजी रंग नसतो. लाल आणि हिरवा रंग मुख्यतः दाट जंगलातील जातींत एकवटलेला आहे. मिटल्या पंखांत लपणारा आणि उडताना क्षणभर झळकणारा लाल रंग पानांच्या आडोशात जोडीदाराला किंवा थव्यातील इतरांना खूण पटवण्यासाठी असावा, असा तर्क केला जातो. नर-मादी सारखेच रंगीत असल्यामुळे तो केवळ मादीला भुलवण्यासाठी नाही, हे मात्र स्पष्ट आहे.

नाइझ्ना टुराकोची विणीची रीत थोडक्यात सांगता येईल. जोडी आपला इलाखा राखते आणि घशातून काढलेल्या जाड, खरखरीत आवाजाच्या मालिकेने तो जाहीर करते. घरटे काटक्यांचा उथळ माचा असतो, कबुतराच्या घरट्याइतकाच ढिसाळ, पण दाट पानांत लपवलेला. त्यात बहुधा दोन पांढरी अंडी असतात आणि नर-मादी दोघेही सुमारे तीन आठवडे ती उबवतात. पिल्लांना गिळलेल्या फळांचा लगदा परत काढून भरवला जातो. पिल्ले नीट उडता येण्याआधीच घरटे सोडून आसपासच्या फांद्यांवर चढू-फिरू लागतात. टुराकोच्या पिल्लांच्या पंखाला एक लहानशी नखी असते. पंखांचा लाल रंग पहिल्या पिसांत थोडा असतो आणि मोठेपणीच पूर्ण भरतो.

या लाल पिसांना आफ्रिकेतील अनेक समाजांत मान आहे. एस्वातिनीचा राष्ट्रीय पक्षी जांभळ्या तुऱ्याचा टुराको आहे आणि त्याची लाल पिसे तेथील राजघराण्याच्या शिरोभूषणात वापरली जातात. कॅमेरूनच्या पश्चिमेकडील उंच पठारावरील राज्यांत लाल पीस टोपीत खोवण्याचा मान विशिष्ट पदे मिळालेल्या व्यक्तींनाच असतो. पिसांमुळे, मांसामुळे आणि पिंजऱ्यात पाळण्याच्या हौसेमुळे या पक्ष्यांची शिकार आणि व्यापार होत आला आहे. टॉराको प्रजातीच्या जाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. तरीही बहुतेक जातींपुढे खरे संकट जंगलतोडीचे आहे, आणि सुरुवातीला सांगितलेल्या दुबळ्या उड्डाणाचा संबंध इथे येतो. झाडांचे शेंडे तुटक झाले की हा पक्षी दूरच्या तुकड्यात जाऊन वस्ती करील याची खात्री उरत नाही.

नाइझ्नाच्या जंगलाने वृक्षतोडीचा मोठा काळ पाहिला. पिढ्यान्‌पिढ्या लाकूडतोडीवर जगणाऱ्या तेथील कुटुंबांना अखेर १९३९ मध्ये सरकारने निवृत्तिवेतन देऊन जंगलातून बाहेर काढले, आणि आता तो भाग २००९ मध्ये स्थापन झालेल्या गार्डन रूट राष्ट्रीय उद्यानात मोडतो. नाइझ्ना टुराको आज धोक्यातील जातींत गणला जात नाही. जंगलाला लागून असलेल्या, भरपूर झाडी राखलेल्या बागांतही तो फळांसाठी येतो.

इतर काही जातींची स्थिती अशी सुखाची नाही. दक्षिण इथिओपियातील रुस्पोली टुराकोचा शोधच विलक्षण आहे. इटलीचा राजपुत्र युजेनियो रुस्पोली याने तो पक्षी मिळवला, पण १८९३ मध्ये एका हत्तीने त्याचा जीव घेतला आणि पक्षी नेमका कुठे मिळाला याची नोंद मागे राहिली नाही. १८९६ मध्ये त्या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळाले. तो पुन्हा सापडायला मात्र १९४० चे दशक उजाडावे लागले. त्याचा प्रदेश आधीच लहान आहे आणि त्याच्या सीमेवर राहणाऱ्या पांढऱ्या गालाच्या टुराकोशी त्याचा संकर होतो.

कॅमेरूनच्या बामेंडा पठारावरील बॅनरमन टुराको ही जात तर जवळजवळ एका डोंगराच्या जंगलावर अवलंबून आहे. ओकू पर्वतावरील किलुम-इजिम हे तिचे सर्वांत महत्त्वाचे वसतिस्थान आणि शेती, आग व गुरेचराई यांमुळे ते चहूबाजूंनी आक्रसत गेले. १९८७ मध्ये तेथे पक्षिसंरक्षणाचा प्रकल्प सुरू झाला, स्थानिक राजे आणि गावकरी यांच्या संमतीने जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या आणि पुढे अनेक भाग सामुदायिक वन म्हणून गावांकडे आले. या जंगलात आफ्रिकी प्रुनस हा वृक्ष आहे. त्याची फळे पक्षी आणि माकडे खातात, पण त्याची साल प्रोस्टेटच्या औषधासाठी विकली जाते आणि अविचाराने सोलल्यास झाड मरते. याच जंगलातील फुलांपासून मधमाश्या एक पांढराशुभ्र मध बनवतात. ओकूचा पांढरा मध या नावाने त्याला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मधासाठी फुलणारी झाडे उभी ठेवावी लागतात आणि टुराकोला ज्या अखंड शेंड्यांची गरज असते ते याच झाडांचे असतात, त्यामुळे मधपाळांचा आणि पक्ष्याचा स्वार्थ तिथे एका जागी येतो.